पैलवानाचा भाऊ

कुठूनही उठायचं झालं की तो आधी डाव्या मांडीवर थाप मारायचा. जेवणाच्या पाटावरून, बैलगाडीवरून, माझ्या दुकानाच्या ओट्यावरून. एकदा तर भर कीर्तनातून उठताना मारली आणि बुवा अभंगाच्या मध्येच थांबले. पैलवान आखाड्यात उतरताना शड्डू ठोकतो तशीच ती थाप असायची, भरीव आणि घुमणारी. पण हा माणूस आखाड्यात कधी लढायला उतरलाच नव्हता. शड्डू ठोकून तो म्हशीला पाणी पाजायला जायचा.

तुमच्याही गावात असा एखादा असेल, आयुष्यभर दुसऱ्याच्या नावानं ओळखला जाणारा. याला आमच्या पिंपळगावात लहानथोर सगळे ‘पैलवानाचा भाऊ’ म्हणत. आईबापांनी ठेवलेलं चांगलं नाव त्यालाही होतं, पण ते कुणाच्या तोंडात बसलं नाही. मीही इथं ते लिहीत नाही. गावानं जे त्याच्या हयातीत वापरलं नाही, ते मी आता कागदावर लिहून काय दिवे लावणार? मला अजून राग येतो. राग न येऊ देता त्याच्याबद्दल सांगायचा प्रयत्न मी करून पाहिला, जमत नाही. तेव्हा सांभाळून घ्या.

मी शिंपी. आमच्याकडे शिंप्याला मास्तर म्हणतात. खामगावची बस जिथं थांबते त्याच्यासमोर माझं दुकान होतं. ओटा रुंद होता, त्यामुळे बसची वाट बघणारे आणि कसलीच वाट न बघणारे असे दोन्ही प्रकारचे लोक तिथं बसायचे. गावातल्या प्रत्येकाची कंबर मला ठाऊक होती आणि कोणाची जीभ किती लांब आहे तेही.

त्याची हकिकत त्यानं मला याच ओट्यावर सांगितली होती. घरात दोन भाऊ. दोघांनाही कुस्तीचं वेड. बापानं एक दिवस दोघांना समोर उभं केलं आणि निकाल देऊन टाकला, “एका म्हशीवर दोन पयलवान पोसत नाहीत.” थोरला आखाड्यात जाणार आणि धाकटा म्हैस सांभाळणार. धाकट्यानं विचारलं, “मंग मी काऊन नाही?” उत्तर म्हणून बापानं थोबाडीत दिली. बस्स, एवढ्यावर त्याचा जन्म ठरला.

पुढची कितीतरी वर्षं तो पहाटे म्हैस पिळायचा आणि दुधाचा लोटा भरून थोरल्यासाठी आखाड्यात न्यायचा. तिथली माती फावड्यानं उकरायची, चाळायची, तिच्यात ताक, तेल आणि हळद कालवायची, ढेकूळ राहिलं तर हातानं फोडायचं, हीही कामं त्याच्याकडे. मग थोरला उतरायचा आणि हा बांधावर उकिडवा बसून बघायचा. थोरला मोठा पैलवान झाला, यात वाद नाही. त्यानं फेटे मिळवले, गावोगावी नाव केलं, कुस्ती सुटल्यावर आखाड्याचा आणि जत्रेतल्या दंगलीचा पंच झाला. “आमच्या घरातल्या मानसाच्या पाठीले कधी माती लागली नाही,” हे तो चारचौघांत छाती काढून सांगायचा. कुस्तीत पाठ मातीला टेकली की माणूस हरतो, तेव्हा बोलणं खरंच होतं. धाकट्याची पाठ कधी टेकली नाही, कारण टेकायला त्याला कुणी आत घेतलंच नाही.

“मंग मी काऊन नाही?” हे मात्र त्याच्या जिभेवर राहून गेलं. सोसायटीच्या निवडणुकीला कुणी उभं राहिलं, की हा ओट्यावरून, “मंग मी काऊन नाही?” कुणाचा जावई मोटारसायकल घेऊन आला, तरी तेच. लोक हसायचे, तोही हसायचा. ऐकणाऱ्याला वाटायचं, मजेत बोलतोय.

धाकट्या मुलीचं लग्न उरकलं, शेती मुलाच्या हाती गेली, त्या हिवाळ्यात तो माझ्या दुकानात आला. केस पांढरे झाले होते, पुढचा एक दात पडलेला होता. मागे त्याची बायको, डोक्यावर पदर. त्यानं काखेतून लाल मांजरपाटाचा तुकडा काढून मशीनवर ठेवला.

“लंगोट शिवून पाह्यजे, मास्तर.”

“नातू आखाड्यात जाऊन राह्यला का?”

“नातवाले कायले? मले.”

मी त्याच्याकडे बघितलं आणि मग त्याच्या बायकोकडे. ती म्हणाली, “शिवून द्या भाऊ. घरात रोज डोक्सं खाऊन राह्यले माह्यं. एकदा त्याईले काय उड्या मारायच्या थ्या मारू द्या.” तोंडानं कुरकुरत होती, पण कापड घ्यायला खामगावच्या बाजारात तीच गेली होती.

“आता या वयात?” मी म्हणालो.

“दात होते तवा चने दुसऱ्यानं खाल्ले,” तो म्हणाला. “आता चने माह्या हातात आले, तर गाव म्हनते तुले दात नाहीत. हायेत मले दात. एक पडला, बाकीचे हायेत. मले एक कुस्ती पाह्यजे, मास्तर. एकच. जत्रेच्या दंगलीत, सगळ्याइच्या समोर.”

मी माप घेतलं. कंबर तरण्या पोरासारखी होती. आयुष्यभर फावडं मारल्यावर दुसरं काय होणार?

आखाड्यात मेहनत करायला थोरल्यानं साफ नाही म्हटलं. “तठी पोरं राहतात. हसतीन.” बरं, निदान आखाड्यातली टोपलीभर माती तरी दे, तर त्यालाही नाही. जी माती यानं आपल्या हातानं चाळली, ज्या मातीत याच्या घरचं ताक मुरलंय, तिची एक टोपली त्याला मिळाली नाही. हे लिहितानाही माझे दात आवळले जातात.

मग त्यानं मळ्यात विहिरीजवळ स्वतःचा आखाडा खणला. आमची जमीन काळी आणि चिकट, ती कुस्तीला चालत नाही. त्यानं नदीकाठची भुसभुशीत माती बैलगाडीनं आणली आणि नवरा-बायको दोघं चाळायला बसले. घरातली गव्हाची चाळणी त्या मातीत गेली. “आता गहू काय तुमच्या लंगोटीतून चाळू?” असं ती म्हणाल्याचं त्यानंच मला मोठ्या कौतुकानं सांगितलं.

पहिल्या दिवशी त्यानं जोर-बैठका काढल्या आणि मातीत बसला. तेवढ्यात ती दुधाचा लोटा घेऊन आली, जुना पितळी, तोच. त्यानं तो हातात घेतला आणि नुसता बघत राहिला. तिनं दोनदा ‘प्या’ म्हटलं तेव्हा प्याला. दुपारी ओट्यावर येऊन मला म्हणाला, “तापवलेलं नोतं, थेट म्हशीखालचं. लय गोड राह्यते हो ते. मले माहीतच नोतं.” आयुष्यभर म्हैस पिळणारा माणूस हे सांगत होता. माझ्या हातातली कात्री थांबली. त्या बापाला मी मनातल्या मनात चार शिव्या घातल्या, मेलेल्या माणसाला घालू नयेत तरी घातल्या.

जोडीदार कुणी मिळेना, म्हणून तो सरकीच्या पोत्याशी कुस्ती खेळायचा. एकदा त्यानं पोत्याला असा धोबीपछाड मारला की पोतं फाटून सरकी मळाभर झाली. ते फाटकं पोतं माझ्याकडे आलं. “जोड जखमी झाला,” म्हणाला. मी दाभणानं टाके घातले.

गाव हसत होतं, हे सांगायलाच नको. “साठी बुद्धी नाठी,” “म्हातारपनी लंगोट,” असं ओट्यावर रोज काहीतरी. बीडीच्या धुराबरोबर फुकट शहाणपण सोडायला कुणाचं काय जातं? एकानं तर माझ्यासमोर त्याच्या चालण्याची नक्कल केली. त्याची पँट माझ्याकडे शिवायला होती. ती मी होळीपर्यंत कापलीसुद्धा नाही आणि तो विचारायला आला की म्हणायचो, “दोरा संपला.” एवढाच माझा जोर. त्यांना का हसू येत होतं, ते मला तेव्हाच कळलं होतं. त्यांच्याही पोटात काहीतरी राहून गेलेलं होतं आणि ते बाहेर काढायची त्यांची छाती नव्हती. हा काढतोय म्हटल्यावर त्यांना झोंबत होतं.

एक दिवस थोरला स्वतः मळ्यात आला. मी तेव्हा तिथंच होतो, शिवलेलं पोतं पोहोचवायला गेलो होतो. आमच्याकडे बाई भासऱ्याशी, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावाशी, बोलत नाही. पदर पुढे ओढून पाठ फिरवते, आणि बोलायचीच वेळ आली तर भिंतीशी किंवा जनावराशी बोलते. ही बाई लग्न झाल्यापासून पैलवानाशी एक शब्द बोललेली नव्हती.

थोरला आखाड्याच्या कडेला उभा राहिला. कोट, फेटा, सुटलेलं पोट. “काय तमाशा लावला बे? आमची इज्जत काढतो का? अन म्हशीचं दूध सुनेच्या लेकराईले द्याचं सोडून तू पेतो?”

हा मातीत उभा होता, अंगभर घाम. म्हणाला, “तू पेला तवा घरात लेकरं नोती का?”

तेवढ्यात बाईनं पाठमोरी उभी राहून म्हशीच्या पाठीवर हात ठेवला आणि मोठ्यानं म्हणाली, “म्हशे, तुह्यं दूध हाये. कोनाले द्याचं थे तू ठरव. पाव्हन्याले इचारू नोको.”

थोरल्यानं म्हशीकडे बघितलं आणि तो निघून गेला. म्हशीशी भांडता येत नव्हतं.

जत्रा आली. दंगलीची आमची रीत अशी की आधी लहान पोरांच्या नारळाच्या कुस्त्या लावतात. हरला-जिंकला, दोघांना नारळ. मग ज्याला लढायचं असेल तो कपडे काढून, एक हात वर करून मैदानाला फेरी मारतो. ज्याला त्याच्याशी भिडायचं असेल तो उतरून त्याच्या हाताला हात लावतो. त्याला जोड मिळणं म्हणतात. फेरी चालू असेपर्यंत डफडं वाजत राहतं.

नारळाच्या कुस्त्या संपल्यावर त्यानं मांडीवर थाप मारली. उठला, धोतर-सदरा काढून माझ्या हातात दिला आणि मैदानात उतरला. लाल लंगोट, छातीवर पांढरे केस. हात वर केला. डफडं वाजायला लागलं आणि हसणंही. जनावराच्या बाजारातसुद्धा म्हाताऱ्या बैलाला कुणी असं हसत नाही. एकानं शिट्टी वाजवली, कुणी ओरडलं, “काका, पडले तं उचलून कोन नेईन?”

त्यानं एक फेरी पूर्ण केली. कुणीच उतरलं नाही. उतरणार तरी कोण? त्याला पाडण्यात मोठेपणा नाही आणि चुकून हरलं तर तोंड दाखवायला जागा नाही. त्यानं दुसरी फेरी सुरू केली, हात तसाच वर. तेव्हा पंचांच्या गादीवरून थोरल्यानं खूण केली आणि डफडं थांबलं. तो मात्र थांबला नाही. वाजंत्री नसताना, आपल्याच पावलांच्या आवाजात, तो हात वर धरून चालत राहिला. माझ्या हातात त्याचं धोतर होतं. ते मी इतकं गच्च पिळलं होतं की नंतर इस्त्रीनंही चुण्या गेल्या नाहीत.

थोरला खाली उतरला. हातात नारळ होता. “झाली ना हौस? हे घे अन जाय घरी.”

लेकराला देतात तसा नारळ, सगळ्या गावासमोर. त्यानं तो घेतला नाही.

“नारळ नोको. जोड दे.”

“तुह्याशी कोन खेळीन बे?”

“तू खेळ.”

थोरला कसाबसा हसला. “म्या कुस्ती सोडली. कवाच सोडली.”

“म्या धरलीच नाही अजून,” तो म्हणाला. “धरू दे मंग मले. सोडीन मीही.”

थोरल्यानं नारळ काखेत मारला. पाठ फिरवून गादीवर जाऊन बसला. जो जन्मभर भावानं पिळलेलं दूध प्याला त्याला भावासाठी दोन पळं कोट काढून मातीत उभं राहता आलं नाही. पंच म्हणून त्याचा फार मान होता. मी त्यानंतर त्याचा एकही कपडा शिवला नाही, आणि आजही मला त्याचं काही वाटत नाही.

मग जळगाव जामोदकडून आलेला एक जवान पैलवान उठला. त्याची शेवटची, मानाची कुस्ती अजून व्हायची होती. तो मैदानात आला, आधी याच्या पायाला हात लावला आणि मग वर धरलेल्या हाताला. डफडेवाल्यानं खुणेची वाट बघितली नाही.

त्या जवानाला मी अजून दुवा देतो, आणि तो पाया पडला म्हणून देत नाही. तो खरा लढला, म्हणून देतो. दया करून त्यानं अंग सैल सोडलं असतं, तर याला ते पहिल्याच पकडीत कळलं असतं. दोघं भिडले. यानं एकदा त्याच्या पायाला असा हात घातला की तो जवान गुडघ्यावर आला. शिट्टी वाजवणाऱ्याचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. पुढच्याच क्षणी जवानानं अंग फिरवलं, याला उचललं आणि पाठीवर टाकलं. चितपट. म्हटलं तर आत्ता सुरू झाली आणि आत्ता संपली.

तो तसाच आभाळाकडे तोंड करून पडून राहिला. मी घाबरून धावलो. जवळ गेलो तर तो हसत होता, पडलेल्या दाताची फट दाखवत.

मी त्याला उठवलं. थाप न मारता उठलेला तो मी पहिल्यांदाच बघितला. सगळी पाठ मातीनं माखली होती. मी त्याच्याच धोतरानं झटकायला हात पुढे केला, तर त्यानं माझं मनगट धरलं.

“राहू दे, मास्तर. कमावलेली हाये.”

सदरा हातात घेऊन, उघड्या पाठीनं तो बाजाराच्या रस्त्यावरून घरी गेला. ही माती जन्मभर त्याच्या हाताला होती, पायाला होती, नखांत होती. पाठीला ती त्या दिवशी पहिल्यांदा लागली. हरलेला माणूस पाठ झाकून घरी जातो. हा मुद्दाम लांबच्या वाटेनं गेला.

थोरल्यानं त्या दिवसापासून त्याच्याशी बोलणं टाकलं. “घराण्याची पाठ मातीला लावली,” असं तो सगळ्यांना सांगत फिरला. याचं काही अडलं नाही. पुढचे हिवाळे तो एसटीनं गावोगावच्या दंगलींना जायचा, पिशवीत लंगोट आणि बायकोनं बांधून दिलेली भाकर. कुठं जोड मिळायची, कुठं नाही. मिळाली की बहुतेक हरायचा. दुसरबीडला एकदा जिंकलो म्हणाला, आणि लगेच, “त्या गड्याले ताप होता,” हेही स्वतःच सांगून टाकलं. दोनदा मी त्याला नवा लंगोट शिवून दिला. ‘मंग मी काऊन नाही?’ हे मात्र त्यानंतर त्याच्या तोंडून मी ऐकलं नाही.

एका सकाळी बायको लोटा घेऊन आखाड्यात गेली तेव्हा तो मातीत उताणा पडलेला होता. जोर काढून आडवा झाला आणि तसाच गेला असावा. तिला वाटलं, दम खातोय. थोडा वेळ ती लोटा घेऊन शेजारी बसली होती, असं तिनं मला पुढे सांगितलं.

आम्ही त्याला घरी आणलं. थोरला आला, रडला, आणि रडून झाल्यावर सगळा कारभार हातात घेतला. अंगणात आंघोळीचं पाणी काढलं. याला कुशीवर वळवला तर सगळी पाठ मातीनं भरलेली.

“चांगली घासा,” थोरला म्हणाला. “आपल्या घरचा मानूस पाठीले माती घेऊन जात नसते.” लोट्यात पाणी भरून तो स्वतःच पुढे झाला.

बायका घरात रडत होत्या. त्यातून ती उठून बाहेर आली. डोक्यावरचा पदर खांद्यावर पडला होता, तो तिनं सावरला नाही. भिंतीकडे वळली नाही. म्हैस गोठ्यात होती, तिच्याकडेही बघितलं नाही. सरळ थोरल्याच्या तोंडासमोर येऊन उभी राहिली.

“पाठ धुवाची नाही,” ती म्हणाली. “त्याईनं कमावलेली माती हाये. तुमच्या घरची नाही.”

मी त्याची पाठ पुन्हा खाली टेकवली.

थोरला तोच पितळी लोटा हातात घेऊन उभा राहिला. कितीतरी वेळ उभा होता. भावासाठी लोटा घेऊन उभं राहायची पाळी त्या घरात त्याच्यावर पहिल्यांदाच आली होती.

पाणी आम्ही समोरूनच घातलं, आणि पाठीवरच्या मातीसकट त्याला नेलं.